‘गॅस्ट्रो’ या एका शब्दामागचे अनेक जंतू

मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस एक प्रश्न विचारला होता. जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्या बालकाला कोणत्याही जंतूची लागण झालेली असो, उपचार जर मुख्यतः जलसंजीवनीचाच असेल, तर शौचाचे नमुने तपासणाऱ्या जंतुशास्त्र विभागावर विश्वस्त मंडळाने खर्च का करावा? प्रश्न रास्त होता. सभेच्या मर्यादित वेळेत आम्ही त्याचे जे उत्तर दिले, ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. ते उत्तर या अहवालाच्या निमित्ताने सविस्तर द्यावे, असा हेतू आहे. देणगीदार आणि विश्वस्त यांच्याबरोबरच ज्यांची मुले आमच्या बालरुग्ण कक्षात राहून गेली, ते पालकही हा अहवाल वाचतात, याची जाणीव ठेवून लेख शक्य तितका सोप्या शब्दांत लिहिला आहे.

आमच्या भागात या आजाराला नावे पुष्कळ. खेड्यातील आजी ‘हगवण लागली’ म्हणते. रक्त व शेंबूड पडू लागला की ‘रक्ती आव’ म्हणते. भाताच्या पेजेसारखे पाणी झपाट्याने जाऊ लागले की जुनी माणसे आवाज खाली आणून ‘पटकी’ हा शब्द उच्चारतात. वृत्तपत्रांनी आणि डॉक्टरांनी मिळून या साऱ्यांना गेल्या काही दशकांत ‘गॅस्ट्रो’ असे एकच नाव देऊन टाकले. मूळ शब्द गॅस्ट्रोएन्टरायटिस, म्हणजे जठर व आतडे यांचा दाह. सोयीसाठी हा शब्द ठीक आहे; पण शास्त्रीय दृष्टीने पाहता आजीचे वर्गीकरण अधिक उपयोगाचे होते, असे आमचे मत आहे. पाण्यासारखे जुलाब आणि रक्त-आवेचे जुलाब यांत तिने केलेला भेद आजही उपचाराची दिशा ठरवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहान मुलांचा प्रत्येक गॅस्ट्रो जिवाणूंमुळे होत नाही. दोन वर्षांखालील मुलांत, विशेषतः हिवाळ्यात येणारे उलट्या-जुलाब बहुधा विषाणूंचे असतात आणि त्यांत रोटा विषाणू प्रमुख. त्यावरील लस सार्वत्रिक लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात ती २०१९ पासून ६, १० व १४ आठवड्यांच्या बाळांना विनामूल्य दिली जाते. जिवाणूंचा जोर उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या प्रारंभी दिसतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. आफ्रिका व दक्षिण आशियातील ७ ठिकाणी ती झाली होती आणि त्यांत कोलकाता होते. मध्यम ते तीव्र अतिसार झालेली ५ वर्षांखालील ९,४३९ मुले आणि तुलनेसाठी १३,१२९ निरोगी मुले तीत तपासली गेली. जंतूंची यादी लांबलचक निघाली. पण आजाराचा मोठा भार मोजक्याच चौघांकडे गेला. रोटा विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी, आणि दोन जिवाणू : शिगेला व विष तयार करणाऱ्या ई. कोलायची एक जात. या पाहणीतील दुसरी बाब आमच्या विषयाशी अधिक निगडित आहे. निरोगी मुलांपैकीही बहुसंख्य मुलांच्या शौचात कोणता ना कोणता रोगजंतू सापडला. म्हणजे जंतू सापडला की तोच गुन्हेगार, असे म्हणता येत नाही. देणगीदारांच्या प्रश्नाला यातून बळच मिळते, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. त्याकडे पुढे वळूच.

जिवाणू आतड्यात करतात काय?

बालकांच्या आतड्याला त्रास देणारे जिवाणू एकाच पद्धतीने काम करीत नाहीत. त्यांच्या कामाच्या पद्धती समजल्या की उपचारांतील फरक आपोआप समजतो.

पहिली पद्धत पटकीच्या जिवाणूची. हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो. तो पेशीला मारत नाही, जखम करीत नाही, रक्तात शिरत नाही. तो केवळ एक विष सोडतो. ते विष पेशीच्या आत जाऊन क्षार व पाणी बाहेर सोडणारी यंत्रणा ‘चालू’ स्थितीत अडकवून ठेवते, जणू कोणी नळ पूर्ण सोडून त्याची तोटीच काढून नेली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात हा जिवाणू रुग्णांच्या शौचात आणि तेथील तलावाच्या पाण्यात दाखवून दिला. पण तो माणसाला नेमका कशाने मारतो, हे कळायला आणखी पाऊण शतक जावे लागले. ते शोधून काढले कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यांनी जे प्रयोग केले, त्यांतून १९५९ साली हे विष सिद्ध झाले. साधनांची टंचाई असलेल्या प्रयोगशाळेत झालेले हे काम जगाने उशिरा ओळखले आणि आपल्या देशाने त्याहूनही उशिरा. आमच्या परिचर्या शिक्षणवर्गात त्यांचे नाव आम्ही आवर्जून घेतो.

ई. कोलायचे विष हे या विषाचे जवळचे भावंड आहे. ई. कोलाय म्हणजे १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या मुलांच्या शौचात प्रथम वर्णिलेला जिवाणू. आपल्या सर्वांच्या आतड्यांत तो निरुपद्रवीपणे नांदतो. त्याच्या काही जातींनी मात्र विष तयार करण्याची विद्या हस्तगत केली आहे. वरचे दूध बाटलीने पिणाऱ्या, नुकताच भात-वरण खाऊ लागलेल्या, रांगत रांगत हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला या जातींची गाठ लवकर पडते. दात येताना जुलाब होतात, या सार्वत्रिक समजुतीचे मूळ येथेच असावे. दातांचा यात दोष नसतो; दात येण्याच्या वयातच मूल जमिनीवर उतरते आणि सारे जग चाटून पाहते.

दुसरी पद्धत शिगेलाची. १८९७ साली जपानमध्ये मोठी साथ पसरली असता कियोशी शिगा यांनी तो शोधला. हा जिवाणू मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत घुसतो आणि अस्तरात व्रण पाडतो. शौचातून पाणी कमी जाते. पण रक्त व शेंबूड पडतो, पोटात मुरडा येतो, ताप चढतो, काही मुलांना झटकेही येतात. पटकीची बाधा होण्यास साधारणतः लक्षावधी जिवाणू पोटात जावे लागतात, तर शिगेलाचे शंभराहूनही कमी जिवाणू पुरतात. म्हणूनच पटकी पाण्यावाटे गावभर पसरते, आणि शिगेला न धुतलेल्या हातांनी एकाच घरातील तीन भावंडांत फिरतो. कॅम्पिलोबॅक्टर आणि टायफॉइडशी संबंध नसलेल्या साल्मोनेलाच्या जातीही अस्तराला इजा करतात. त्यांचा मार्ग प्रामुख्याने अर्धवट शिजलेली कोंबडी, अंडी आणि न तापवलेले दूध असा असतो.

तिसरी पद्धत वेगळी आहे. येथे जिवाणू पोटात जाण्यापूर्वीच आपले काम उरकून बसतो. सकाळी शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दुपारपर्यंत मोठ्या भांड्यात झाकून राहिले की स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सिरियस यांसारखे जिवाणू त्यात वाढून विष तयार करतात. अन्न पुन्हा उकळले तरी यांतील काही विषे नष्ट होत नाहीत. जेवणानंतर अवघ्या काही तासांत पंगतीतील अनेकांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर प्रथम हा संशय घ्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील जेवणानंतर परिसरातील गावांतील सुमारे २ हजार लोकांना विषबाधेचा त्रास झाल्याचे आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. एका जेवणातून किती घरांत आजार पोहोचू शकतो, हे त्या रात्री साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

पाणी येते कोठून?

जंतूंचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. ते लातूर-नांदेडच्या मुलांपर्यंत कसे पोहोचतात, हे मात्र इथल्या पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय उमगत नाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात टँकर भरण्याच्या ठिकाणी व पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली; पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. देशभर त्या गाडीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट म्हणजे ते पाणी पुढे घराघरांत पिंपे, बादल्या, घागरी, सिमेंटचे हौद आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांत किती दिवस साठून राहिले असेल ती.

टंचाईचा आणि गॅस्ट्रोचा संबंध दुहेरी आहे. पाणी कमी असले की माणूस प्रथम हात धुणे सोडतो, पिणे सोडत नाही. घरात चार घागरीच पाणी असेल, तर शौचाहून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुण्यावर एक तांब्या खर्च करताना आई विचार करते. तिला दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. शिगेलासारख्या जिवाणूला एवढेच पुरते.

दुसरा संबंध नळाच्या वाहिनीत आहे. अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरांत नळवाहिन्या बहुतांश काळ रिकाम्या राहतात. वाहिनीत पाण्याचा दाब असतो, तोवर गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते. दाब संपला की तीच फट शेजारचे गटाराचे पाणी आत ओढून घेते. आणि वाहिनीला थेट मोटार लावली, तर हे ओढणे अनेकपटींनी वाढते. शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी अशा रीतीने गल्लीच्या तोंडाशी दूषित होते. नळाला पाणी आल्यानंतर पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, ते सडासारवणाला वापरावे, असे आम्ही पालकांना सांगतो, ते याच कारणाने. गोदावरीकाठच्या नांदेडला लातूरइतकी टंचाई सोसावी लागत नाही. परंतु जुन्या वस्तीत नळवाहिनी व गटार शेजारी-शेजारी असण्याची अडचण तेथेही आहे.

खेड्यांची कथा पहिल्या पावसाशी जोडलेली आहे. उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडतो, उरलेसुरले पाणी गढूळ होते, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस वर्षभराची उघड्यावरची घाण वाहून थेट त्या विहिरीत आणतो. कठडा नसलेल्या, पायऱ्यांच्या विहिरीला तर प्रतिकारच नाही. जून २०२४ च्या अखेरीस नायगाव तालुक्यातील मुगाव तांडा येथे विहिरीचे दूषित पाणी पिऊन दोन दिवसांत ९० हून अधिक ग्रामस्थ आजारी पडले. तांड्याची लोकसंख्या जेमतेम साडेचारशेच्या आसपास. म्हणजे जवळपास प्रत्येक पाच माणसांतील एक. मराठवाड्याबाहेर पाहावयाचे झाल्यास, जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीने बळी घेतले. नळयोजनेची वीज थकबाकीमुळे तोडली गेल्याने लोक उघड्या विहिरीच्या पाण्याकडे वळले होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. साथीचे कारण शोधू गेले असता जंतूच्या मागे विजेचे बिल उभे असावे, याचे आश्चर्य ग्रामीण भागात काम करणाऱ्यास वाटत नाही.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर उपाय ठाऊक आहेत आणि स्वस्तही आहेत. चांगल्या प्रतीची टी.सी.एल. पावडर १ हजार लिटर पाण्याला साधारणतः अडीच ग्रॅम पुरते. ती टाकल्यावर तासभर थांबावे लागते, आणि शेवटच्या घरच्या नळाला ओ.टी. चाचणीत पाणी पिवळसर दिसले पाहिजे. अडचण पावडरीच्या पोत्याची आहे. पोते उघडे राहिले, दमट खोलीत पडले, की त्यातील क्लोरीन उडून जातो. उरतो तो चुना. जलसुरक्षक प्रामाणिकपणे पावडर टाकतो, नोंदवहीत सही करतो आणि पाणी मात्र होते तसेच राहते. गावाला मिळणारे हिरवे, पिवळे वा लाल कार्ड भिंतीवर लावलेले असते. ते कोणत्या महिन्यात मिळाले, एवढे पाहण्याची विनंती आम्ही ग्रामीण भागातील हितचिंतकांना करतो.

बाळाच्या शरीरातील एक लिटर

१० किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून १ लिटर पाणी गेले की त्याने वजनाचा दहावा भाग गमावलेला असतो आणि त्याचा जीव धोक्यात येतो. प्रौढ माणसाला तेवढे जुलाब केवळ थकवतात. तीव्र अतिसारात तान्ह्या मुलाचे हे एक लिटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाऊ शकते. जंतू कोणताही असो, मूल दगावते ते बहुधा या एका लिटरच्या अभावी. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, टाळू खाली बसणे, सहा-आठ तास लघवी न होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश पूर्ववत होणे, ही त्याची चिन्हे. मूल अधाशासारखे पाणी मागत असेल, तर अजून वेळ आहे. मूल पाणीही मागेनासे झाले, मान टाकू लागले, तर वेळ उरलेला नाही. तेथे घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये.

आमच्या अनुभवातील सर्वांत घातक समजूत म्हणजे ‘पोटाला आराम द्यावा’ ही. जुलाब लागले की दूध बंद, जेवण बंद, पाणीही बेतानेच. जे मूल आधीच किरकोळ अंगाचे असते, त्याला चार दिवसांच्या उपासाने कुपोषणाच्या कड्यावरून ढकलल्यासारखे होते. मग पुढचा जुलाब अधिक लांबतो, आणि त्यानंतरचा आणखी. अंगावरचे दूध एक वेळही तोडू नये. मोठ्या मुलास मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, ताक, केळे, ज्वारीची पातळ कण्या-पेज, जे घरात असेल ते थोडे थोडे द्यावे. पूर्वी पटकी आली की गावाच्या वेशीवर मरीआईचा गाडा निघत असे. त्या काळच्या माणसांजवळ दुसरे साधनच नव्हते. आज साधन आहे आणि तरीही आजारी मुलाचे पाणी तोडले जाते, हे अधिक क्लेशदायक वाटते.

ते साधन म्हणजे जलसंजीवनी. पटकीचे विष पेशीतील ‘बाहेर’ जाणारा नळ उघडा ठेवते. पण ‘आत’ येणारे एक दार त्याला बंद करता येत नाही. साखरेचा एक रेणू जेव्हा आतड्याच्या पेशीत शिरतो, तेव्हा तो मिठातील सोडियमला हाताशी धरून आत नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसती साखर उलट जुलाब वाढवते, आणि दोहोंचे योग्य प्रमाण जीव वाचवते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. ३ हजारांहून अधिक रुग्णांवर असे उपचार झाले. त्यापूर्वी तेथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत असत. हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्या छावणीत औषध पाजणारे हात आईबापांचे होते, हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज वापरात असलेले सूत्र २००४ पासूनचे असून त्यात क्षार व साखर पूर्वीपेक्षा कमी आहेत. मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते. कक्षात येणाऱ्या पालकांना आम्ही प्रथम विचारतो, ‘पाकीट कशात कालवले?’ एका आईने मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून घोट घोट पाजले होते. तिच्या मते औषध जितके घट्ट तितके गुणकारी. त्या मुलाच्या रक्तातील क्षार इतके वाढले होते की त्याला झटके येऊ लागले. मूल वाचले; पण तेव्हापासून कक्षाच्या दारात लिटरची खूण केलेले भांडे आम्ही कायमचे ठेवले आहे. पाकीट नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्यास १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. जोडीला १४ दिवस झिंक : सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळास १०. जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवू नये.

दुकानातून ‘ओआरएस’ म्हणून आणलेल्या खोक्यांविषयीही एक शब्द. साखर भरपूर आणि क्षार नाममात्र असलेली गोड पेये वर्षानुवर्षे या नावाने विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. तरीही पाकिटावरील मजकूर वाचूनच खरेदी करावी.

मग जंतू शोधायचा कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत देणगीदारांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अशा मुलाचा शौच नमुना आम्ही तपासायला पाठवीत नाही. त्याला प्रतिजैविकही देत नाही, आणि नातेवाइकांचा आग्रह असला तरी, मूल तोंडाने पिऊ शकत असेल तर सलाईनही लावत नाही. यावरून आमच्यावर कधी कधी रोष होतो. ‘दोन दिवस झाले, साधी बाटलीसुद्धा लावली नाही’ ही तक्रार आमच्या नोंदवहीत आहे आणि तिचा आम्हांस खेद वाटत नाही.

पण जेथे शौचातून रक्त जाते, तेथे चित्र बदलते. शिगेलाच्या आजारात प्रतिजैविक आवश्यक असते आणि ते लवकर द्यावे लागते. एके काळी त्यावर अँपिसिलिन चालत होते. मग को-ट्रायमॉक्सेझोल आले, मग नॅलिडिक्सिक ॲसिड. प्रत्येक औषध काही वर्षे उपयोगी पडले आणि निकामी झाले. आज भारतातील शिगेलाच्या पुष्कळ जाती सिप्रोफ्लॉक्सासिनलाही दाद देत नाहीत. साध्या विषाणूजन्य जुलाबाला जोड-प्रतिजैविकाचे गोड सिरप देण्याच्या सवयीने ही वेळ लवकर आणली, हे वैद्यकीय व्यवसायातील आम्ही सर्वांनीच कबूल केले पाहिजे. सिरपच्या अशा बाटल्या आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या पिशवीत हमखास निघतात. तेव्हा आमच्या भागातील शिगेलावर आज कोणते औषध चालते, हे नमुना वाढवून पाहिल्याविना सांगता येत नाही. पुस्तकात छापलेले उत्तर दुसऱ्या शहराचे आणि जुन्या वर्षाचे असते.

दुसरे कारण गावाचे आहे. एका मुलाला पटकी आहे की ई. कोलाय, यावरून त्याच्या खाटेवरचा उपचार फारसा बदलत नाही. त्याच्या गावाच्या विहिरीचे काय करायचे, ते मात्र पूर्णपणे बदलते. पटकीचा एक सिद्ध झालेला रुग्ण म्हणजे आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळविण्याची बाब. तपासणीसाठी वापरले जाणारे टी.सी.बी.एस. हे माध्यम हिरवे असते. पटकीचा जिवाणू असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पिवळे ठिपके उमटतात. ते दिसताच आलेला दूरध्वनी एखाद्या तांड्यातील पुढच्या वीस मुलांना रुग्णालयात येण्यापासून वाचवू शकतो. त्या वीस मुलांची नोंद कोणत्याही अहवालात येत नाही; त्यामुळे हा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो.

तिसरे कारण अलीकडचे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील शक्ती जाणाऱ्या गियाँ-बारे आजाराची साथ आली. संशयित व निश्चित रुग्ण मिळून दोनशेहून अधिक झाले. त्या बातम्यांतील ‘नांदेड गाव’ वाचून आमच्याकडे अनेकांनी घाबरून विचारणा केली. ते नांदेड पुण्याजवळचे, आपले नव्हे. तेथील रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. जुलाब बरा होऊन एक-दोन आठवडे लोटल्यावर या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली अस्त्रे क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. असे रुग्ण विखुरलेले असताना कोणाच्या लक्षात येत नाहीत. नमुने तपासण्याची व्यवस्था होती म्हणूनच ते एका परिसराशी आणि पाण्याशी जोडता आले.

हे सर्व पाहता विश्वस्त मंडळाने तपासणी सरसकट न करता निवडक ठेवण्याचे ठरविले आहे. रक्त-आवेचे जुलाब, पटकीचा संशय, तीन महिन्यांखालील बाळे, तीव्र कुपोषित मुले, चौदा दिवसांहून लांबलेला अतिसार आणि एकाच वस्तीतून एकदम आलेले रुग्ण, एवढ्यांचेच नमुने घेतले जातात. यास लागणारी सामग्री महाग नाही. माध्यमे, ती ठेवण्याचा फ्रिज, वीज गेली तरी चालणारा उबवणी-कक्ष आणि रविवारीही प्लेट पाहणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ. यांपैकी शेवटची गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण जाते, कारण यंत्रासाठी देणगी देण्यास अनेकजण पुढे येतात, पगारासाठी थोडे. दूरच्या आरोग्य केंद्रांतून नमुने टिकून यावेत म्हणून कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळ्या पावसाळ्यापूर्वी तेथे पोहोचविल्या जातात.

पालकांना आमची एक विनंती आहे. नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी घेतला गेला तरच जंतू नीट वाढतो. मुलाला घेऊन येताना वाटेत कोणते औषध दिले गेले असेल, तर ते लपवू नये. बाटली वा गोळ्यांची पट्टी रिकामी असली तरी सोबत आणावी. पाणी कोठून भरता, विहिरीचे, हातपंपाचे, टँकरचे की नळाचे, आणि शेजारी आणखी कोणी आजारी आहे काय, हे केसपेपरवर आम्ही विचारून लिहून घेतो. त्या दोन ओळी भरायला जरा वेळ द्यावा.